बारा गावचं पाणी

आधी त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाहू या. ग्रीक पुराणातल्या महाबली वीराचं नाव स्पॅनिशमध्ये लिहिताना शेवटी 'एस' येतो. ६ एप्रिल १९८२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाच्या नावात मात्र त्या जागी 'झेड' आहे. फुटबॉलपटू हर्क्युलेझ गोमेझ. स्पॅनिशमध्ये आरंभीचा 'ह' मुका असतो आणि मेक्सिकोच्या जिभेवर 'झ'चा 'स' होतो. त्यामुळे सीमेच्या उत्तरेला जो 'हर्क्युलेझ', तो दक्षिणेला पाऊल टाकताच 'एर्कुलेस' होतो, आणि त्या उच्चारात ते वेगळं अक्षर विरघळून मूळ वीराचं नाव जसंच्या तसं परत येतं. ज्या माणसाला पुढे आयुष्यभर याच सीमेवरून ये-जा करायची होती, त्याच्या नावातच ती अशी आखून ठेवलेली असावी, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

नवल इथेच संपत नाही. त्याच्या भावाचं नाव युलिसिस. तोही खेळाडूच, पण झुंजीतला. मिश्र मार्शल आर्ट्समधला, यूएफसीच्या अष्टकोनी जाळीदार आखाड्यात उतरलेला. ग्रीक कथांशी आपली थोडी ओळख असेल तर आठवेल, की हर्क्युलिस हा बाहुबळाचा नायक, सिंहाला नुसत्या हातांनी लोळवणारा. आणि युलिसिस हा भटकंतीचा नायक, युद्ध संपल्यावर घरी परतायला ज्याला दहा वर्षं लागली. एका घरातल्या दोन भावांना ही दोन नावं मिळाली आणि नियतीने वाटणी करताना ती उलटी केली. अंगाला अंग भिडवून लढणं युलिसिसकडे गेलं, आणि बंदरामागून बंदर हर्क्युलेझच्या वाट्याला आलं.

ती बंदरं आपण सावकाश मोजू. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सिॲटल, डेन्व्हर, कॅन्सस सिटी, मग पुएब्ला, पाचुका, ग्वादालाहारा, तोरेओन, तिहुआना, मॉन्तेरेय, आणि टोरँटो. शाळा संपल्यावर मेक्सिकोतल्या खालच्या विभागांत काढलेले उमेदवारीचे दिवस यात धरलेले नाहीत. ते सोडूनही तीन देशांतली शहरं बरोबर बारा भरतात. आपल्याकडे अनुभवाने मुरलेल्या माणसाला 'बारा गावचं पाणी प्यायलेला' म्हणतात. तो बाराचा आकडा एरवी आपण ढोबळपणे वापरतो, इथे तो मोजून खरा ठरतो. हर्क्युलिसला पार पाडावी लागलेली अचाट कामंही बाराच होती, हे लक्षात आल्यावर ही यादी मला एखाद्या घाटदार रचनेसारखी दिसू लागली.

अशा खेळाडूची ओळख वर्तमानपत्रं बहुधा एका ओळीत उरकतात: अनेक क्लबांकडून खेळला. त्या ओळीत वाचनाची घाई आहे. आपली म्हण अधिक जाणती आहे, कारण ती गावांपेक्षा पाण्याचं नाव घेते. माणूस कुठे कुठे गेला यापेक्षा कुठलं काय अंगात उतरलं, याची चव ती घेते. आणि फुटबॉलमध्ये पाणी खरोखरच बदलतं. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तसा दर मैदानागणिक चेंडू बदलतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर; पुएब्ला त्याहून उंच, २,१०० मीटरच्या पुढे; पाचुका तर २,४०० च्या आसपास. विरळ हवेत चेंडूला अडवणारं काही कमी असतं, म्हणून तो वेगाने सुटतो, पण त्याच कारणाने हवा त्याला वळवतही कमी. मारणाऱ्याने सवयीने दिलेला बाक तिथे पुरता उतरत नाही, आणि धावणाऱ्याची छाती दहा पावलं आधी भरून येते. तोरेओन हे वाळवंटी मुलखातलं, पोळून काढणाऱ्या उन्हाचं गाव. तिहुआना अगदी सीमेला खेटून, आणि तिथलं मैदान कृत्रिम गवताचं, जिथे टप्पा पडलेला चेंडू अधिक अधीर असतो. टोरँटोत सरोवराकडून येणारा वारा. आघाडीवर खेळणाऱ्याचं सगळं शहाणपण चेंडू पुढच्या क्षणी कुठे असेल या अंदाजात साठवलेलं असतं, आणि हा माणूस तो अंदाज गावोगावी नव्याने शिकत राहिला. अनेकांना एवढी उठबस एका मोसमापुरतीही निभत नाही.

यातलं सॅन डिएगोचं पाणी मला फार आवडतं, कारण ते सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. लॉस एंजेलिस गॅलक्सी या मोठ्या क्लबाने त्याला घेतलं होतं, पण सुरुवातीची वर्षं जायबंदी होण्यात, बाकावर बसण्यात आणि उसना जाण्यात सरली. त्याच काळात तो सॅन डिएगो सॉकर्सकडून छताखालचा फुटबॉल खेळला. हा खेळ आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणू या. बर्फावरच्या हॉकीला लागते तेवढीच जागा, खाली कृत्रिम गवत, कडेने फळ्यांची भिंत. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा जण. चेंडू सहसा बाहेर जातच नाही. फळीवर आदळतो आणि परत येतो, आणि हा प्रतिध्वनी इतका तत्काळ असतो की चेंडू थांबवावा, मान वर करून पाहावं, मग ठरवावं, एवढी सवड कुणालाच नसते. बदली खेळाडूही खेळ न थांबवता, वाहत्या पाण्यात उडी घ्यावी तसे आत शिरतात. ज्याचे पाय या खोक्यात शिजले, त्याला मोकळ्या मैदानावरचं गजबजलेलं पेनल्टी क्षेत्र प्रशस्त अंगणासारखं वाटलं असेल. पुढे त्याचे गोल पाहताना ही जुनी शिकवण ओळखू येते: एकच स्पर्श, पाय मागे घेण्याचा फारसा सोहळा नाही, आणि चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो चेंडूच्या वाटेवर येऊन थांबलेला. खांबावरून, बचावपटूच्या पोटरीवरून, गोलरक्षकाच्या मुठीवरून परत येणाऱ्या चेंडूशी त्याची जी दोस्ती होती, तिचं बीज मला त्या फळ्यांच्या भिंतीत दिसतं.

मग २००५. वय तेवीस. अमेरिकेच्या अव्वल लीगमध्ये, एमएलएसमध्ये, ११ गोल. आणि अमेरिकन फुटबॉलच्या आजही चालू असलेल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय स्पर्धेचा, यूएस ओपन कपचा, डॅलसविरुद्धचा अंतिम सामना, ज्यात एकच गोल झाला आणि तो याचा. गॅलक्सीने त्या वर्षी एमएलएस कपही जिंकला. त्याच संघात लँडन डोनोव्हन होता, याच कॅलिफोर्नियात याच्याहून एकच महिना आधी जन्मलेला, अमेरिकन फुटबॉलचा लाडका. एकाच आभाळाखाली, जवळजवळ एकाच तिथीला उगवलेली ही दोन रोपं, पण एकाला पहिल्यापासून आळं आणि पाणी, आणि दुसऱ्याला त्याच बागेत जागेसाठी दर मोसमात नव्याने दार ठोठावायचं.

अमेरिकेच्या या लीगमध्ये खेळाडूचा करार लीगशीच असतो, त्यामुळे क्लब आपसांत माणसांची देवघेव करतात. २००६ च्या डिसेंबरात गॅलक्सीला जो कॅनन हा गोलरक्षक हवा होता. तो कोलोरॅडो रॅपिड्सकडून घेताना बदल्यात उगो इहेमेलू आणि हर्क्युलेझ गोमेझ असे दोघे देण्यात आले. तसा तो डेन्व्हरला गेला. डेन्व्हरचा एक क्षण मी मुद्दाम राखून ठेवतो आहे. तो शेवटी उघडू. तिथून कॅन्सस सिटी. दरम्यान, २००७ मध्ये राष्ट्रीय संघाचा दरवाजा किंचित उघडला आणि मिटला. २००९ च्या अखेरीस कॅन्सस सिटीचा करार संपला, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी, आघाडीवीराच्या ऐन बहराच्या वयात, त्याच्याकडे संघ नव्हता.

आणि इथून पुढे आपल्याला खुर्ची जरा जवळ ओढून घ्यावी लागेल.

जानेवारी २०१० मध्ये तो पुएब्लाला गेला. मेक्सिकोच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असते, पण आईवडिलांच्या मातीमुळे तो तिथे परका गणला गेला नाही. कुटुंबाने एके काळी ज्या दिशेने सीमा ओलांडली होती, तिच्या उलट दिशेने मुलगा परत आला, आणि त्या जुन्या नात्यानेच त्याला जागा दिली. पुएब्लाच्या क्वाउह्तेमोक स्टेडियममध्ये १९७० आणि १९८६ या दोन्ही विश्वचषकांचे सामने झालेले, गाव फुटबॉलवेडं, क्लब मात्र श्रीमंतांतला नव्हे. मेक्सिकोत वर्षाला दोन स्पर्धा होतात, प्रत्येक संघाचे साखळीत १७ सामने. त्या वर्षी स्वातंत्र्यलढ्याची दोनशे वर्षं भरत होती म्हणून या स्पर्धेचं नावच 'बिसेन्तेनारिओ' ठेवलेलं. या सणासुदीच्या स्पर्धेत अमेरिकेहून आलेला, फारसा कुणाला माहीत नसलेला हा खेळाडू पहिल्या अकरांत क्वचितच असायचा. तो बाकावर बसायचा, आणि सामना पिकत आला की उतरायचा.

बाकावरच्या माणसाचं पाहणं वेगळं असतं. पहिल्या मिनिटापासून खेळणाऱ्याला सामना अंगावर येतो. बाकावरच्याला तो समोर उलगडतो. उजवीकडचा बचावपटू कोणत्या पायावर वळतो, मधला उंच गडी चेंडू हवेत आला की आधी कुणाकडे बघतो, गोलरक्षक मूठ मारतो की झेल घेतो, कोणाचा श्वास पासष्टाव्या मिनिटाला तोंडाने सुरू होतो, हे सगळं पाहायला त्याच्याकडे तासभर असतो. मग पंच चौकोनी फलक वर करतो, आणि त्या तासाभराचं वाचन वीस मिनिटांत खर्चायचं असतं. बैठकीत साथीला बसलेला जाणकार जसा ठेक्यात लपलेली जागा मनात जपत राहतो आणि योग्य आवर्तनाला नेमका समेवर येतो, तसं हे येणं असतं. आधी आलं तर रसभंग, मागाहून आलं तर व्यर्थ. यात जिवाची तगमगही आहेच. शरीर थंड, पाय जड, आणि समोरचे बावीस जण केव्हाचे लयीत. त्या वाहत्या लयीत पहिल्याच पावलाला मिसळायचं, ही विद्या मोठ्या क्लबाच्या अकरांत कायम असणाऱ्याला कधी लागतच नाही. ती त्याला येते ज्याने गावोगावी नव्या चेहऱ्यांत, नव्या खोलीत, आपली जागा पहिल्या दिवशी शोधली आहे.

संस्कृतात पाहुण्याला जो शब्द आहे त्याची व्युत्पत्ती मला इथे फार गोड वाटते: ज्याच्या येण्याला तिथी ठरलेली नाही तो अतिथी. बदली खेळाडू हा फुटबॉलमधला अतिथी. त्याच्या येण्याची वेळ कोणत्याही पत्रिकेत छापलेली नसते. आणि २०१० च्या त्या वसंतात पुएब्लाचा हा अतिथी आला की घरात काहीतरी शुभ घडायचं. स्पर्धा संपली तेव्हा त्याच्या नावावर १० गोल होते. तेवढेच आणखी दोघांचे होते: पेरूचा योहान फानो, आणि ग्वादालाहाराच्या चिवासचा हावियेर एर्नांदेस. हा एर्नांदेस म्हणजे तोच चिचारितो, ज्याच्याशी मँचेस्टर युनायटेडने त्याच दिवसांत करार केला. सर्वाधिक गोलांचा मान तिघांत वाटला गेला. परदेशातल्या अव्वल लीगमध्ये या मानापर्यंत पोहोचलेला हर्क्युलेझ हा पहिला अमेरिकन.

या दहांकडे आपण निव्वळ आकडा म्हणून न पाहता प्रमाण म्हणून पाहावं, असं मला वाटतं. दहा गोल फार नसतात. पण दहा गोल जेव्हा अर्ध्या-अर्ध्या सामन्यांतून, शेवटच्या तिसऱ्या हिश्शांतून, आलेल्या पहिल्या-दुसऱ्या संधीतून वेचलेले असतात, तेव्हा त्यांना दाट दुधासारखा एक घट्टपणा येतो. एर्नांदेस त्या वेळी एकवीस वर्षांचा, ज्याच्या मागे आजोबा-वडिलांची विश्वचषकापर्यंतची परंपरा होती. आणि त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, काही महिन्यांपूर्वी संघ नसलेला हा माणूस. यादी वर्णानुक्रमे लावा, वयाने लावा, कशीही लावा. आकडा तिघांपुढे एकच.

त्या दहांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचं दार पुन्हा वाजवलं. २५ मे २०१० रोजी कनेक्टिकटमधल्या ईस्ट हार्टफर्डला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध सामना झाला. प्रशिक्षक बॉब ब्रॅडली यांना दुसऱ्याच दिवशी विश्वचषकाचे २३ खेळाडू जाहीर करायचे होते. म्हणजे मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ती यादी. अमेरिका तो सामना २-४ हरली. पण १-२ अशी पिछाडी असताना हर्क्युलेझ बदली म्हणून आला, आणि ६६व्या मिनिटाला फलकावर २-२ लागलं. पुएब्लातली तीच रीत, तोच अतिथी, फक्त अंगावरचा सदरा वेगळा. दुसऱ्या दिवशीच्या यादीत त्याचं नाव होतं. वर्षाच्या सुरुवातीला बेकार, मेअखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या विमानात: पाच महिन्यांचं हे अंतर मी कितीदा तरी बोटांवर मोजलं आहे.

विश्वचषकात त्याला मिळालेली मिनिटं बेरीज केली तर जेमतेम एका सामन्याची भरतात, पण त्यांची मांडणी पाहा. १८ जून, जोहान्सबर्ग, स्लोव्हेनियाविरुद्ध अमेरिका १-२ ने मागे. ८०व्या मिनिटाला ब्रॅडली यांनी ओगुची ओन्येवू या धिप्पाड बचावपटूला बाहेर काढून हर्क्युलेझला आत धाडलं. बचावातला माणूस काढून आघाडीतला घालणं म्हणजे घराचं मागचं दार उघडं टाकून पुढच्या अंगणात धाव घेणं. दोनच मिनिटांत मायकल ब्रॅडलीने बरोबरी साधली. तो गोल हर्क्युलेझचा नव्हता, पासही त्याचा नव्हता. तरीही ती दोन मिनिटं मी जपून ठेवतो, कारण पेनल्टी क्षेत्रात एक नवं अंग शिरलं की बचावाच्या रांगेला एक नजर तिकडे द्यावीच लागते, आणि त्या एका नजरेइतकी जागा दुसऱ्या कुणासाठी मोकळी होते. आकड्यांच्या वहीत या जागेला रकाना नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यात तो असावा.

२३ जूनला अल्जीरियाविरुद्ध तो पहिल्या अकरांत होता आणि मध्यंतराला बाहेर बसला. डोनोव्हनचा ९१व्या मिनिटाचा तो विख्यात गोल त्याने बाकावरून पाहिला. २६ जूनला घानाविरुद्ध जादा वेळ सुरू होताना तो आत आला. दोन-तीन मिनिटांत असामोआ ग्यानने घानाला पुढे नेलं आणि अमेरिकेची वाट तिथेच संपली. अतिथीच्या हाती दर वेळी शुभशकुन नसतो. तो आला, धावला, शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मैदानावर होता.

पुढे पाचुका, पुढे ग्वादालाहारातला तेकोस; ही वर्षं आपण भरभर ओलांडू. २०१२ च्या जानेवारीत तो तोरेओनच्या सांतोस लागुनाला आला, आणि तिथे पहिल्यांदाच या प्रवासाला सावलीसारखी जागा मिळाली. सोबत ओरिबे पेराल्ता, जो त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध दोन गोल करून मेक्सिकोला सुवर्णपदक देणार होता. मे महिन्यात सांतोसने मॉन्तेरेयला नमवून मेक्सिकोचं विजेतेपद जिंकलं. त्याआधी मार्चमध्ये, उत्तर अमेरिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, याच संघाने तोरेओनच्या मैदानावर सिॲटल साउंडर्सचा ६-१ असा फडशा पाडला होता, आणि त्यात दोन गोल हर्क्युलेझचे होते. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा तेच दोन संघ. या वेळी सिॲटलच्या घरी, निकाल १-०, आणि तो एक गोल पुन्हा याचाच. सिॲटलच्या प्रेक्षकांनी हे नाव चांगलंच लक्षात ठेवलं असणार.

या काळातला एक क्षण मात्र मला सगळ्यांहून प्रिय आहे. सप्टेंबर २०१२. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अमेरिका जमैकाकडून किंग्स्टनमध्ये २-१ ने हरली. जमैकाकडून हरण्याची तिच्यावर ही पहिलीच वेळ. चारच दिवसांनी, ११ तारखेला, ओहायोतल्या कोलंबसला परतीचा सामना. पूर्वार्धभर अमेरिकेने जमैकाला कोंडून धरलं. फटके गोलखांबावर आपटून परतत होते, आणि असं वारंवार झालं की मैदानावर एक अपशकुनी शांतता उतरू लागते. ५५व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेर फ्री किक मिळाली. चेंडू हर्क्युलेझने ठेवला.

इथे आपण थांबू. ज्याचं सगळं कौशल्य हलत्या चेंडूतलं, परावर्तनातलं, धावत्या गर्दीत अचानक उगवण्यातलं, त्याच्यापुढे पहिल्यांदाच एक संपूर्ण निश्चल चेंडू आहे. सगळं मैदान त्याच्यासाठी थांबलं आहे. कुणाच्या जागी तो आलेला नाही, कुणाच्या पायाचा चेंडू त्याच्यापर्यंत यायचा नाही. समोर जमैकाच्या माणसांची भिंत. सॅन डिएगोतली भिंत चेंडू परत देणारी होती, ही अडवणारी. त्याने मारलेला चेंडू भिंतीला चुकवून गेला, गोलरक्षक ड्वेन मिलर झेपावला, त्याचा हात चेंडूला लागलासुद्धा, आणि तरीही चेंडू आत गेला. तो हात लागणं मला या गोलातलं सर्वांत सुंदर वाटतं. अस्पर्श, निर्दोष गोल कौतुकाचे असतातच; पण हा गोल थोडा अडला, थोडा चाचरला, आणि मग पोहोचला, अगदी मारणाऱ्याच्या आयुष्यासारखाच. सामना १-० असाच संपला. पुढच्या विश्वचषकाच्या वाटेवर ते तीन गुण त्या वेळी किती मोलाचे होते, हे त्या आठवड्याची गुणतालिका पाहिली की कळतं.

२०१३ मध्ये तो तिहुआनाला गेला आणि गुडघ्याने दगा दिला. २०१४ चा विश्वचषक त्याच्याविना झाला. उरलेली बंदरं त्याने वेदनेसकट केली: मॉन्तेरेयचा तिग्रेस, मग पुन्हा पुएब्ला, जिथे त्या मोसमात क्लबने कोपा एमएक्स जिंकला, मग टोरँटो, आणि २०१६ मध्ये सिॲटल. हो, तेच सिॲटल. ज्यांच्या जाळ्यात त्याने इतके घाव घातले त्यांनीच त्याला शेवटचा पाट मांडून दिला. मला यात त्या गावाची मोठी रसिकता दिसते; ज्याने आपल्याला दुखावलं त्याची किंमत आपल्यालाच ठाऊक असते. १० डिसेंबर २०१६ रोजी एमएलएस कपचा अंतिम सामना कडाक्याच्या थंडीत टोरँटोच्या मैदानावर झाला. एका बाजूला त्याचा आदल्या वर्षीचा संघ, दुसऱ्या बाजूला त्याचा या वर्षीचा संघ. सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टींवर सिॲटलने जिंकला. हर्क्युलेझ मैदानावर उतरला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली आणि ईएसपीएनवर सामन्यांचं विश्लेषण करू लागला. बाकावरून खेळ वाचण्याची ती जुनी सवयच त्याचा व्यवसाय झाली.

राखून ठेवलेला डेन्व्हरचा क्षण आता उघडतो. शहरालगतच्या कॉमर्स सिटीत कोलोरॅडो रॅपिड्ससाठी केवळ फुटबॉलकरता म्हणून नवं स्टेडियम बांधलं गेलं. ७ एप्रिल २००७ रोजी तिथे पहिला लीग सामना झाला, वॉशिंग्टनच्या डीसी युनायटेडविरुद्ध, आणि रॅपिड्सनी तो २-१ ने जिंकला. हर्क्युलेझला पंचवीस वर्षं पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. त्या जागी आपण फार काळ राहणार नाही, हे त्याला ठाऊक असो वा नसो. पुढच्याच वर्षी त्याने ते गाव सोडलं. ते मैदान आजही चालू आहे. आजवर तिथे जे गोल झाले आणि यापुढे जे होतील, त्यांतला पहिला गोल हर्क्युलेझ गोमेझचा आहे.